लाइट जायच्या आत

गेल्या आठवड्यात एका सकाळी तेलगावच्या चौकात यंदाच्या हंगामातली उसाची पहिली ट्रॉली पाहिली. गतिरोधकावर मागचं चाक आपटलं, दोर सैल झाला आणि काही ऊस रस्त्यावर लोळले. शाळेला निघालेल्या पोरींनी ते पळवले. ट्रॅक्टरवाल्यानं मागं पाहिलंही नाही, त्याच्या टेपवर गाणं इतक्या मोठ्यानं चाललं होतं. कारखान्याची चिमणी धूर टाकू लागली की आमच्या भागाचा वासच बदलतो. मळीचा आंबट-गोड वास अंथरुणात, कपड्यांत, अगदी चहाच्या कपातही येऊन बसतो. लोकांना त्या वासानं हुरूप येतो. मला मात्र तो आला की एक गोडाऊन आठवतं, एक घरघरणारा पंखा आठवतो, आणि बंगळूरच्या एका गार खोलीतला काळा पडदा आठवतो, ज्यावर मी पाहत असताना एकामागून एक टिंबं उमटत गेली.

तो हंगाम मी सरकी-पेंडीच्या गोडाऊनमध्ये काढला. कॉम्प्युटर नेटवर्किंगची एक मोठी परीक्षा असते, तिची तयारी करत होतो. तिचा लेखी भाग बीडला एका कंपनीत नोकरी करता करता मी पास झालो होतो. उरली होती ती प्रात्यक्षिक परीक्षा, तिच्यासाठी बिनपगारी रजा काढून गावी आलो होतो. दिवसभर एका खोलीत बसायचं, राउटर आणि स्विचची सेटिंग करायची आणि एका मोठ्या कंपनीच्या सगळ्या शाखा एकमेकींशी बोलतील असं नेटवर्क आपल्या हातानं उभं करायचं. पर्यायांपुढं खुणा करायच्या नाहीत, परिच्छेद लिहायचे नाहीत. विहिरीला पाणी लागलं की नाही हे जसं कुणाला पटवून द्यावं लागत नाही, तसंच हे. चाललं तर चाललं. अनुभवी माणसंही पहिल्या खेपेला हात हलवत परत येतात, असं सगळे सांगायचे. मी मान डोलवायचो, आणि ते माझ्याबद्दल बोलत नाहीत असं मनात धरून चालायचो.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. माझे वडील, त्यांना मी तात्या म्हणतो, मेंढरांमागं हिंडले. त्यांचे वडीलही तेच करत. आम्हा पोरांना एका गावची शाळा कधी धरताच आली नसती. मी आश्रमशाळेत राहिलो म्हणून अक्षर ओळखीचं झालं. पुढं माजलगावला कॉलेजात कॉम्प्युटरची पदवी घेतली. तिथल्या सरांनी सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात दिली नसती, तर मी या वाटेला लागलोच नसतो. असे कितीतरी हात आहेत. त्यांचं ओझं वाटत नाही, पण मान ताठ करून चालताना ते खांद्यावर आहेत हे विसरता येत नाही.

दिवाळी झाली की तात्या मेंढरांचं खांड, म्हणजे कळप, घेऊन गंगेकडं उतरतात. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. वेचणी झालेली कापसाची रानं, ऊसतोडीनंतर पडलेलं उसाच्या शेंड्यांचं वाढं, यावर मेंढरं जगतात. शेतकरी खतासाठी कळप आपल्या रानात मुक्कामाला बसवून घेतात. एरवी माय बरोबर असायची. त्या साली माझ्या भाकरीसाठी ती मागं राहिली आणि तात्या एका नातलगाच्या कळपाबरोबर निघाले. त्यांचा उजवा गुडघा तेव्हाच बिघडला होता. बसले की उठायला काठी लागायची, आणि काठीवर भार देताना ते दुसरीकडं बघायचे, म्हणजे आम्हीही दुसरीकडं बघावं.

निघताना त्यांनी वाघर, म्हणजे मुक्कामाला मेंढरांभोवती लावायचं जाळं, गुंडाळून घोड्याच्या पाठीवर आवळलं. मग काही विशेष नसल्यासारखं म्हणाले, "लक्षिमन, तुझं ते निघालं की मेंढरं देऊन टाकू. मंग मी हाय आन आपला वटा हाय."

परीक्षा निघाली, म्हणजे मी पास झालो, तर बीडची कंपनी मला कायम करणार होती. तसं साहेबांनी सांगितलं होतं. कायमची नोकरी म्हणजे तात्यांना घरचा ओटा. त्या हंगामात माझ्या अभ्यासाचा एवढाच अर्थ होता. बाकी पुस्तकात काय लिहिलं होतं ते वेगळं.

गोडाऊन आप्पांचं. तेलगावच्या रस्त्याला त्यांचं पेंड, सरकी आणि मिठाचं दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात सुपारी आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला टोमणा. तात्यांची आणि त्यांची जुनी ओळख. आमच्या वस्तीवर लाइटचा भरवसा नव्हता. बीडच्या खोलीत मशिनचा आवाज घरमालकाला चालत नव्हता. मी एका कंपनीच्या भंगारातून जुने राउटर-स्विच उचलून आणले होते. चालू केले की पंखे असे घरघरायचे की बोललेलं ऐकू येऊ नये. आप्पांनी पोती सरकवून मला एक कोपरा करून दिला. पहिल्याच दिवशी ते कानावर हात ठेवून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "लक्ष्मणा, कारखाना तिकडं हाय का माझ्या गोडाऊनात, कळंना गेलंय." भाडं विचारलं तर रागावले. म्हणाले, पोत्यांना सोबत झाली.

पेंडीची धूळ फार. ती पंख्यात बसायची, मशिन तापायचं आणि आपोआप बंद पडायचं. रोज सकाळी मी रंगाच्या ब्रशनं ती झाडायचो. उंदरांनी दोन केबली कुरतडल्या, तेव्हा नेटवर्क का चालत नाही हे शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला. पुस्तकात उंदराचा धडा नव्हता.

खरा त्रास लाइटचा. सांगून गेली तर माणूस जेवून तरी घेतो. इथं कधी फिडरवर काम निघायचं, कधी डीपी जळायचा, कधी नुसतंच कुणीतरी कुठंतरी बटण दाबायचं. आप्पांच्या दुकानात इन्व्हर्टर होता, पण त्यावर वजनकाटा आणि एक दिवा चाले. माझी मशिनं लावली की तो ओरडायचा. आता राउटरचं असं असतं, की त्याला सांगितलेली गोष्ट तो लगेच करू लागतो, पण सेव्ह करा असं वेगळं सांगितल्याशिवाय लक्षात ठेवत नाही. लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं गेलं. सकाळपासून बांधत आणलेलं नेटवर्क दुपारी एका क्षणात कोरं झालेलं मी इतक्यांदा पाहिलं, की शेवटी हाताला वळणच पडलं. एक ओळ लिहायची की सेव्ह. दुसरी लिहायची की सेव्ह. ओठही हलायचे. आप्पा येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "कावून रे, जप करायलास का?"

मी हसून सांगायचो, लाइट जायच्या आत सगळं बांधून ठेवतोय. त्यांना ते पटायचं. आमच्या भागात कुणालाही पटलं असतं. मोटर चालू असेपर्यंत पाणी भरून घ्यायचं, गिरणी चालू असेपर्यंत दळण आणायचं, फोनला चार्ज असेपर्यंत बोलून घ्यायचं, असंच आम्ही सगळे जगत आलो. हाती आलेलं आधी घट्ट धरायचं. ते बरोबर आहे का हे बघायला मागाहून वेळ मिळाला तर मिळाला.

दुपारी माय भाकरी घेऊन यायची. एकदा तिच्या ओच्यात कोकरू होतं. तात्यांनी अशक्त शेळ्या-मेंढ्या मागं ठेवल्या होत्या, त्यातली एक मेंढी आदल्या दिवशी व्यायली आणि पिलाला जवळ घेईना. पौषाचा गारठा, पिलू थरथरत होतं. मायनं गोडाऊनमध्ये चारी बाजूंनी पाहिलं, स्विचच्या पाठीमागं हात धरला, गरम वारा लागला, आणि काही न विचारता कोकरू तिथं ठेवलं. ते जरा वेळानं पाय पोटाशी घेऊन झोपलं. आप्पांनी पाहिलं तेव्हा म्हणाले, पेंडीच्या गोडाऊनात मेंढरू म्हणजे किराणा दुकानात जावई. मी त्या दिवशी मशिन बंद केलं नाही. अभ्यास झाला होता, डोकंही थकलं होतं, तरी चालू ठेवलं. मायनं माझ्याकडं बघून विचारलं, हे शिकायला लई वर्षं गेली ना तुझी? तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. बहुधा तेवढंच म्हणायचं असेल.

इंग्रजी व्हिडिओतला मास्तर भराभर बोलायचा. मी थांबवून, मागं घेऊन, पुन्हा पुन्हा ऐकायचो. समजायचं. पण डोक्याला समजलेलं हातात उतरायला फार वेळ लागायचा. दोन शाखा एकमेकींना सापडायच्या नाहीत आणि का सापडत नाहीत हे दिसायचं नाही. बाहेर रस्त्यानं ऊस वाहत राहायचा. अशा दुपारी वाटायचं की आपण चुकून दुसऱ्याच्या शेतात शिरलोय आणि मालक अजून आलेला नाही.

संक्रांतीनंतर बंगळूरला गेलो. एसटीनं सोलापूर, तिथून रेल्वे. मायनं तिळाच्या पोळ्या बांधून दिल्या होत्या. परीक्षेची इमारत काचेची. आत इतकं गार की बोटं आखडली. पण सगळ्यात नवल मला लाइटचं वाटलं. दिवसभरात एकदाही गेली नाही. कुणी वर पाहतही नव्हतं.

सकाळचा भाग बरा गेला. खरं सांगायचं तर छान गेला. जेवणाच्या सुट्टीत मला वाटलं, तात्यांना फोन लावावा. लावला नाही.

दुपारी सुरक्षेचा भाग होता. मधल्या मुख्य राउटरवर एक नियम घालायचा होता. राउटरमध्ये कुणी शिरू लागलं तर त्याचं नाव आणि पासवर्ड खरा की खोटा हे दूरच्या एका सर्व्हरला विचारायचं. सर्व्हरचं उत्तर आलं नाही तर राउटरमध्येच ठेवलेलं राखीव नाव चालवून घ्यायचं. हा राखीव नावाचा भाग म्हणजे ओळीच्या शेवटचा एकच शब्द. तो मी लिहिला नाही. कसा राहिला ते आजही सांगता येत नाही, कारण गोडाऊनमध्ये मी ती ओळ कितीदा तरी बरोबर लिहिली होती. शब्द राहिला, एंटर दाबलं, आणि बोटांनी आपणहून सेव्ह केलं. मग नियम चालतो का हे बघायला मी राउटरमधून बाहेर पडलो आणि पुन्हा आत जाऊ लागलो. त्यानं नाव विचारलं. मी दिलं. तो सर्व्हरला विचारायला गेला. सर्व्हरकडं जाणारी वाट मला अजून बांधायचीच होती, आणि ती बांधायची होती याच राउटरच्या आत बसून; मी तर बाहेर अडकलो होतो.

दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं असतं तर त्यानं राउटर बंद करून चालू केला असता. सेव्ह न केलेली ओळ विसरून राउटर आधीसारखा उठला असता, आणि तो माणूस कपाळावरचा घाम पुसून पुढं गेला असता. मीही बंद करून चालू केला. राउटर उठला, आणि त्याला माझी चूक नीट आठवत होती.

देखरेखीला एक मॅडम होत्या. त्यांना मी हात वर करून बोलावलं. त्यांनी पडद्याकडं पाहिलं आणि त्यांना एका नजरेत कळलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. हिंदीत हळू म्हणाल्या, की सुरुवातीला होता तसा कोरा करून देता येईल, पण या राउटरवरचं सकाळपासूनचं सगळं काम जाईल. एवढंच त्यांच्या हातात होतं. मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

मग जेवढं आठवेल तेवढं पुन्हा लिहीत सुटलो. सगळ्या शाखांच्या वाटा त्या एका राउटरवरून जात होत्या. तो कोरा झाल्यावर बाकीचे नुसते दिवे लावून बसले होते. एखाद्या शाखेला हाक मारली आणि उत्तर आलं नाही, की पडद्यावर एक टिंब उमटतं. थोडं थांबून दुसरं. मी हाक मारत होतो, टिंबं उमटत होती. लहानपणी पाहिलंय, ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन मेंढरू फुगतं, विष भिनलेलं असतं, आणि तात्या त्याच्या पोटावर हात ठेवून नुसते बसून राहतात. डॉक्टर लांब असतो. हात काही करत नसतो. पण उचलवत नाही. मी तसाच कीबोर्डवर हात ठेवून बसलो होतो, वेळ संपली असं मॅडमनी सांगेपर्यंत.

परतीच्या रेल्वेत निकाल फोनवर आला. न उघडताही माहीत होता. उघडला.

घरी जायच्या आधी मी तात्यांकडं गेलो. त्यांचा मुक्काम माजलगावच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला एका कापसाच्या रानात होता. पोहोचलो तेव्हा तिथं एक अनोळखी माणूस मेंढरांच्या पाठी चाचपत फिरत होता. व्यापारी होता. तात्यांनीच त्याला बोलावलं होतं. मी परीक्षेला गेलो, म्हणजे निघालीच, असं त्यांनी धरलं होतं. तात्या काठी टेकत माझ्याकडं आले.

"न्हाई निघालं, तात्या."

त्यांनी विचारलं, कसं काय? मी राउटर, सर्व्हर यातलं काहीच सांगू शकलो नाही. म्हटलं, मीच दार लावून घेतलं, कुलूप पक्कं बसलं, आणि किल्ली आतच राहिली. मला वाटलं, आता ते गुडघ्याबद्दल बोलतील, नाहीतर मेंढरांबद्दल.

"मंग त्या लोकायची मशीन तशीच बंद ऱ्हायली का?"

मी म्हटलं, नाही, ते लोक सगळं पुसून कोरं करतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पोराला देतात.

"मंग बरं हाय," ते म्हणाले. "कुणाचं नुसकान न्हाई झालं."

व्यापाऱ्याला त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की यंदा मेंढरं द्यायची नाहीत. तो चिडला. बोलावता कशाला मग, म्हणाला, माणसाच्या चकरा काय फुकट येतात? माझी चूक हाय, तात्या एवढंच म्हणाले. त्यांना दुसऱ्या कुणाला असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. तो गेल्यावर मी वाढं उचलून मेंढरांपुढं टाकू लागलो. मेंढरं खात राहिली. उपाशी मेंढरांच्या खाण्याचा एक आवाज असतो, पावसासारखा, तो ऐकत आम्ही बसलो.

यात कुणाचा दोष काढावा हे मी पुष्कळ दिवस शोधलं. लाइटचा काढून पाहिला, पण ती बंगळूरला गेली नव्हती. आळसाचा काढावा तर आळस केला नव्हता. उलट जे जपलं, जी काळजी घेतली, त्यानंच घात केला. आपल्या गावानं आपल्याला जगायला शिकवलेली एखादी चांगली सवय दुसऱ्या गावी गेल्यावर अशी उलटते, हे कुणाला सांगून कळत नाही. आणि कळून तरी काय. बोटांना अजूनही एक ओळ झाली की थांबवत नाही. त्यांना थांबवायचा सराव मी आता रोज करतो. ओळ लिहायची, हात मांडीवर घ्यायचे, वाचायची, पुन्हा वाचायची. फार अवघड जातं. हात मांडीवर घेतले की वाटतं, आता जाईल लाइट.

कंपनीनं मला काढलं नाही, कायमही केलं नाही. लेखी परीक्षेची मुदत संपायला आली आहे. तिच्या आत एकदा पुन्हा बंगळूर, नाहीतर सगळं पहिल्यापासून. आप्पांनी यंदाही पोती सरकवली. माझ्या मशिनांना या वर्षी टोमणा मारला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

परवा तात्या निघाले. गुडघा आता दोन्ही बाजूंनी सुजतो. मी म्हटलं, यंदा थांबा, माघात परीक्षा आहे, तोवर मेंढरं इथंच कशीतरी जगवू. ते घोड्याचा कासरा सोडवत होते. म्हणाले, "मेंढराला परीक्षा कळती का? त्येला चारा लागतो." मग कासरा हातात धरून थोडे थांबले. म्हणाले, "निघालं तरी फोन करू नको. न्हाई निघालं तरी नको."

मी विचारलं, मग कधी सांगू?

"मी आल्यावर."

म्हणजे निकाल काहीही लागो, ते गंगेपर्यंत जाणार आणि तिथून सगळी वाट पायी परत येणार. हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. तोवर कळप डांबरी रस्त्यावर उतरला होता. मागून उसाच्या ट्रॉल्या हॉर्न देत होत्या, आणि तात्या लंगडत, हात वर करून, त्यांना थांबवत होते.